ल्यूबेकचा होल्स्टन दरवाजा: चारातला उरलेला एक

जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्रापासून जवळच ल्यूबेक हे जुनं व्यापारी शहर आहे. त्याच्या पश्चिमेच्या वेशीवर विटांचा एक दरवाजा उभा आहे. दोन गोल, जाडजूड बुरूज, त्यांच्यावर शंकूसारखी टोकदार छपरं, मध्ये दोघांना जोडणारी इमारत आणि तिच्या पोटातून आरपार गेलेली कमान. बुरूज ओळंब्यात नाहीत हे पहिल्या नजरेतच कळतं, विशेषतः दक्षिणेकडचा. होल्स्टनटोर या नावाचा हा दरवाजा पश्चिम जर्मनीच्या ५० मार्कांच्या नोटेवर वर्षानुवर्षं होता आणि २००६ साली २ युरोच्या नाण्यावरही आला. मध्ययुगीन नगरद्वार कसं असतं याचा नमुना म्हणून त्याचं चित्र सर्रास दिलं जातं.

नमुना म्हणून तो घ्यायला माझी हरकत नाही, पण तो जरा अवघड नमुना आहे. शत्रूला थोपवायला बांधलेल्या या इमारतीवर शत्रूनं कधी मोठा हल्ला केलाच नाही. तिच्यावर जे खरे घाव बसले ते घरचेच. एक पायाखालच्या जमिनीनं घातला, दुसरा त्याच शहराच्या नागरिकांनी. आज आपण तिथं उभं राहून जे बघतो त्यातलं बरंचसं या दोन घावांना लोकांनी कसं तोंड दिलं याचं फलित आहे. त्यामुळे हा दरवाजा पंधराव्या शतकाइतकाच एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाचाही म्हणून तपासावा लागतो.

जागा, रस्ता आणि पैसा

जुनं ल्यूबेक त्राफं आणि वाकनिट्झ या दोन नद्यांच्या मध्ये वसलं आहे. ११४३ मध्ये होल्स्टाइनच्या सरदारानं ते वसवलं, ११५९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश द लायन यानं पुन्हा उभारलं आणि १२२६ पासून ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर झालं. पुढं हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचं पुढारपण त्याच्याकडे आलं. जमिनीवरून सरळ शहरात शिरायची वाट फक्त उत्तरेला होती, तिथं बुर्गटोर हा दरवाजा. बाकी बाजूंना पाणी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पश्चिमेला त्राफं ओलांडली की होल्स्टाइनचा मुलूख लागतो आणि तोच रस्ता पुढं हॅम्बुर्गला जातो. दरवाजाला नाव मिळालं ते या मुलखावरून.

हा रस्ता म्हणजे शहराची धमनी. लुनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून केलेलं मीठ ल्यूबेकला यायचं, तिथून उत्तरेकडच्या मासेमारीच्या बंदरांना जायचं आणि खारवलेले हेरिंग मासे युरोपभर विकले जायचे. १३९८ मध्ये श्टेकनिट्झ कालवा झाल्यावर हे मीठ होड्यांतून येऊ लागलं. ते साठवायची विटांची उंच गोदामं आजही दरवाजाच्या शेजारी, नदीकाठावर रांगेनं उभी आहेत, मात्र ती दरवाजापेक्षा उशिराची. सांगायचा मुद्दा असा की शहराची तिजोरी ज्या रस्त्यावर भरत होती, त्याच रस्त्याच्या तोंडावर हे बांधकाम आलं. तिथं कंजुषी करून भागण्यासारखं नव्हतं.

योहान ब्रोलिंग नावाचे एक नगरसभासद मृत्युपत्रात या कामासाठी ४,००० ल्यूबेकी मार्क ठेवून गेले. १४६४ मध्ये शहराचे मुख्य बांधकामतज्ज्ञ हिनरिश हेल्मश्टेडे यांनी काम सुरू केलं आणि १४७८ मध्ये ते पुरं झालं. चौदा वर्षं. राजानं वेठीला माणसं धरून उभारलेलं हे काम नव्हे. व्यापाऱ्यांच्या सभेनं ठरवलेलं, हिशेब ठेवून केलेलं, एका व्यापाऱ्याच्या देणगीवर उभं राहिलेलं हे काम आहे. इमारतीच्या शहराकडच्या बाजूला ते दिसतंही, त्याकडे पुढं येऊच.

आणखी एक गोष्ट चित्रातून निसटते. हा दरवाजा एकटा नव्हता. एकामागोमाग एक असे पश्चिमेच्या रस्त्यावर चार दरवाजे होते. नदीला लागून सगळ्यात आतला, त्याच्या पुढं आजचा हा मधला, त्याच्या पुढं १५८५ मध्ये बांधलेला बाहेरचा आणि सगळ्यात टोकाला १६२१ चा चौथा. शहरात येणाऱ्याला चारही ओलांडावे लागत. म्हणजे आज मोकळ्या हिरवळीवर ऐटीत उभा असलेला हा दरवाजा मुळात एका लांब साखळीतली एक कडी होता. त्याचं एकटेपण नवं आहे.

एक इमारत, दोन तोंडं

शहराबाहेरून पाहिलं तर दोन बुरूज मधल्या इमारतीच्या पुढं फुगून आलेले दिसतात. त्यामुळे कमानीपाशी पोचलेल्या माणसावर दोन्ही बाजूंनी नेम धरता येतो. या बाजूच्या भिंतीची जाडी साडेतीन मीटर. तळमजला, पहिला आणि दुसरा मजला अशा तिन्ही पातळ्यांवर प्रत्येक बुरुजाला तोफांसाठी तीन-तीन झरोके आहेत, वर हलक्या हत्यारांसाठी छोट्या जंग्या. मधल्या भागाला खिडक्या आहेत त्या पार वरच्या मजल्यावर, बाण किंवा शिडी सहज पोचणार नाही अशा उंचीवर. एकंदरीत हे तोंड कोरडं आणि दरडावणारं आहे.

आता कमानीतून पलीकडे जाऊन मागं वळून बघा. बुरूज गायब! शहराच्या बाजूला बुरूज आणि मधली इमारत एका सपाट दर्शनी भिंतीत मिसळून गेले आहेत. खिडक्यांच्या रांगा, आंधळ्या कमानी, मधोमध वर चढत गेलेला डौलदार त्रिकोणी माथा. एखाद्या श्रीमंत नगरभवनाला शोभावं असं हे रूप. आणि इथं भिंतीची जाडी किती, तर एक मीटरहूनही कमी.

साडेतीन मीटर आणि एक मीटरच्या आत, ही तफावत या इमारतीची सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. खर्च वाचवला असं म्हणता येईल, पण शहराकडच्या बाजूच्या सजावटीवर जो हात सैल सोडला आहे तो पाहता हे कारण पटत नाही. अभ्यासक एक वेगळं कारण सुचवतात आणि मला ते जास्त सयुक्तिक वाटतं. दरवाजा शत्रूच्या हाती गेला, तर साडेतीन मीटरच्या भिंतींआड तो शत्रूच ठाण मांडून बसेल आणि मग त्याला हुसकावणं महाकठीण. आतली भिंत पातळ ठेवली की शहराच्या बाजूनं तोफा लावून ती फोडता येते. आपलीच ढाल आपल्यावर उलटू नये म्हणून तिच्या पाठीत मुद्दाम ठेवलेली ही कच्ची जागा. दरवाजावर पहाऱ्याला असलेल्या माणसांवर नगरसभेचा किती विश्वास होता, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा.

माणसांची वर्दळ होती ती या दोन तोंडांच्या मधल्या बोळात. तिथं आत शहराच्या बाजूला लाकडी दारं होती, ती आता नाहीत. कमानीत लटकलेली लोखंडी जाळी सगळे कौतुकानं बघतात. ती मात्र १९३४ ची आहे आणि मूळ रचनेशी तिचा मेळ नाही. मूळ योजना यापेक्षा कितीतरी हुशार होती. अखंड जाळीऐवजी तिथं सुटे लोखंडी दांडे ओळीनं टांगलेले असत आणि प्रत्येक दांडा वेगळा खाली सोडता येई. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या दिसतात तसे ते दिसत, म्हणून त्यांना ऑर्गनच म्हणत.

याचा फायदा काय, हे प्रत्यक्ष प्रसंग डोळ्यांपुढं आणला की समजतं. शत्रू अंगावर येतोय आणि शहराची काही माणसं अजून बाहेर आहेत. अखंड जाळी असेल तर पहारेकऱ्यापुढं दोनच पर्याय: जाळी टाकून स्वतःच्या माणसांना बाहेर मरू द्यायचं, नाहीतर उघडी ठेवून सगळ्यांनाच धोक्यात घालायचं. सुट्या दांड्यांत तिसरा मार्ग निघतो. एक-दोन दांडे सोडून बाकी सगळे खाली टाकायचे. उरलेल्या फटीतून आपली माणसं एकेक करून आत सरकतात, घोडेस्वारांची टोळी मात्र घुसू शकत नाही. शेवटचा माणूस आत आला की राहिलेले दांडे सोडायचे. शिवाय एखाद्या दांड्याखाली गाडी किंवा लाकूड अडकवून ठेवलं तर तेवढा एकच दांडा अडतो, बाकीचे खाली बसतात. अखंड जाळी अशा वेळी अख्खीच लटकत राहते. हे दांडे चालवायला कमानीच्या वर स्वतंत्र खोली होती. आज लटकणारी जाळी बघून यातलं काही म्हणता काही समजत नाही, उलट गैरसमज होतो.

बुरुजांच्या आतली मांडणी दोन्हीकडे जवळपास सारखीच. खालचे मजले उंच छताचे, तोफांसाठी. वरचे ठेंगणे. बुरूज आणि मधली इमारत यांच्या सांध्यात अरुंद चक्राकार जिने वर गेले आहेत आणि त्यांच्यावरून वेगवेगळ्या मजल्यांवर जाता येतं.

बाहेरून इमारतीला दोन पट्टे वेढतात, भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरशांचे. जवळ जाऊन बघावं असं काही असेल तर ते हे पट्टे. एकेक फरशी साधारण ५५ सेंटिमीटर चौरस. कुठं चार लिलीची फुलं, कुठं काटेरी पानं, कुठं जाळीदार नक्षी. त्यांचा क्रम कशावरून ठरला असेल हे शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. काही फरशांनंतर एक ढालीची फरशी येते: तिच्यावर ल्यूबेकचा गरुड किंवा झाडाची आकृती, आणि दोन्ही बाजूंना ढाल धरून उभी असलेली माणसं. ओल्या मातीत साच्यानं उठवायचं, वाळवायचं, भट्टीत भाजायचं, असं हे काम. या सपाट मुलखात बांधकामाला दगड मिळत नाही, म्हणून चर्चपासून गोदामापर्यंत सगळं विटांचं, आणि नक्षी हवी तर तीही मातीचीच. पण खबरदारी एवढीच की १८६५ ते १८७० या काळात हे पट्टे दुरुस्त झाले, बहुतेक फरशा तेव्हा बदलल्या आणि मूळच्या अगदी मोजक्या जतन झाल्या. नव्या फरशा जुन्यांबरहुकूम आहेत का, याबद्दल जाणकारांना शंका आहे. म्हणजे पंधराव्या शतकातली कारागिरी म्हणून ज्याचे फोटो निघतात, ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाची भट्टी आहे.

पायाखालची जमीन

नदीकाठची ही जागा दलदलीची. त्यावर सुमारे सात मीटर उंचीचा भराव घालून त्या भरावावर दरवाजा चढवला. आजचा कुठलाही बांधकाम अभियंता हे ऐकून कपाळाला हात लावेल. दलदलीच्या मातीत पाणी अडकलेलं असतं. वरून वजन आलं की ते पाणी हळूहळू पिळून निघतं आणि माती दबते. ही प्रक्रिया एका पावसाळ्यात संपत नाही, दशकं चालते. त्यातून सगळीकडे माती सारखी दबली तर इमारत नुसती खाली जाते आणि फारसं बिघडत नाही. एका बाजूला जास्त दबली की मात्र इमारत कलते, आणि विटांच्या भिंतीला ताण सोसत नाही.

इथं वजनच मुळात असमान होतं. बाहेरच्या बाजूला साडेतीन मीटरची भिंत, आतल्या बाजूला एक मीटरच्या आतली. दोन अवजड बुरूज आणि मध्ये तुलनेनं हलकी, पोटातून पोकळ इमारत. लढाईच्या दृष्टीनं जे शहाणपणाचं होतं तेच पायाच्या दृष्टीनं घातक ठरलं. दक्षिणेचा बुरूज तर काम चालू असतानाच खचू लागला. गवंड्यांनी हात टेकले नाहीत. वरचे थर रचताना त्यांनी कल सावरून घ्यायचा प्रयत्न केला, म्हणजे खालचा भाग वाकडा आणि वरचा भाग त्याची भरपाई करणारा. त्यानं फार काही साधलं नाही, पण या खटपटीतून एक गोष्ट निश्चित होते: हेल्मश्टेडे आणि त्यांच्या माणसांना संकट वेळीच कळलं होतं आणि तरीही काम थांबवायचा विचार झाला नाही. पैसा पडला होता, शहराची इभ्रत पणाला लागली होती.

या खचण्याचा सगळ्यात ठळक पुरावा पायथ्याशी आहे. तळमजल्यावरचे तोफांचे झरोके आज बाहेरच्या जमिनीच्या पातळीखाली, सुमारे अर्धा मीटर गेले आहेत. काही अंशी इमारत खाली गेली, काही अंशी पाच शतकांत आजूबाजूची जमीन वर आली. जिथून तोफ डागायची ती भोकंच गाडली गेली. बुरुजांच्या उंचीबद्दल कोणी कौतुक करू लागलं की मला हे झरोके आठवतात. मूळची इमारत आजच्यापेक्षा उंच दिसत होती आणि तिची मापं जास्त रेखीव होती. आजची तिची बसकी, भारदस्त ठेवण हेल्मश्टेडेंच्या आराखड्यात नव्हती.

तोफ पुढं गेली, दरवाजा मागं राहिला

दरवाजाचं काम सुरू झालं त्याच्या अकरा वर्षं आधी, १४५३ मध्ये, तुर्कांच्या तोफांनी कॉन्स्टँटिनोपलची हजार वर्षांची तटबंदी फोडली होती. उंच भिंतीचे दिवस भरत आले होते. ल्यूबेकच्या या बुरुजांत तोफेचा विचार आहे, तो जाड भिंतीत आणि झरोक्यांत दिसतो. पण आकार मात्र जुन्या वळणाचा राहिला: उंच, गोल, लांबून नेम धरायला सोपा. पुढच्या शतकभरात सगळीकडे तटबंदीचं शास्त्र बदललं. उंच भिंतींऐवजी बुटके, रुंद मातीचे बांध आणि कोनाकोनांचे बुरूज आले. तोफेचा गोळा विटांच्या भिंतीला तडा देतो, मातीच्या बांधात तो रुतून बसतो.

ल्यूबेकनंही तेच केलं. पश्चिमेला मातीचे बांध आले आणि त्यांच्यासोबत १५८५ चा बाहेरचा दरवाजा. त्या दिवसापासून आपला हा मधला दरवाजा दुसऱ्या फळीत गेला. शिवाय बांध आणि नवा दरवाजा अगदी पुढ्यातच आल्यानं त्याची बाहेरची बाजू बरीचशी झाकली गेली. ज्या तोंडानं शत्रूला दरडवायचं तेच तोंड येणाऱ्याला नीट दिसेनासं झालं. जेमतेम शंभर वर्षांत त्याचं लष्करी काम संपलं होतं, हे ध्यानात घेतलं की चौदा वर्षांचा खटाटोप आणि ब्रोलिंग यांची देणगी यांकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. माझ्या मते या दरवाजानं खरं काम केलं ते धाक दाखवण्याचं आणि ऐपत दाखवण्याचं. व्यापारी शहराला हे दोन्ही परवडतं आणि दोन्ही लागतं.

खरी लढाई दाराशी आली ती १८०६ मध्ये. नेपोलियनच्या सैन्याकडून पाठलाग होत असलेले प्रशियाचे सेनापती ब्ल्यूशर तटस्थ ल्यूबेकमध्ये घुसले आणि ६ नोव्हेंबरला फ्रेंचांनी शहरावर चाल केली. तीही मुख्यतः उत्तरेच्या बुर्गटोरकडून. रस्त्यारस्त्यांत झुंज झाली आणि नंतर शहराची लूटमार. होल्स्टन दरवाजा या सगळ्यात बाजूलाच राहिला.

पाडापाडी

त्यानंतर दोन वर्षांतच चौथा, १६२१ चा दरवाजा पाडला गेला. सगळ्यात शेवटी बांधलेला सगळ्यात आधी गेला. १८२८ मध्ये नदीलगतचा आतला गेला. मग आली रेल्वे. १८५१ मध्ये ल्यूबेकला ब्यूशेनशी जोडणारी गाडी सुरू झाली आणि तिचं स्टेशन नेमकं याच दरवाजांच्या बाहेर आलं. १८५३ मध्ये रुळांच्या आड येणारा १५८५ चा देखणा दरवाजा जमीनदोस्त झाला. गंमत म्हणजे या पाडकामामुळेच मधल्या दरवाजाची बाहेरची बाजू सुमारे पावणेतीनशे वर्षांनी पुन्हा मोकळी झाली. आज पोस्टकार्डावर झळकणारं दृश्य रेल्वेच्या कुदळीनं उघडं केलेलं आहे.

उरलेल्या एकट्या दरवाजाची अवस्था तेव्हा केविलवाणी होती. कललेला, भेगाळलेला, डागडुजीवाचून पडलेला. शहराला वाढायचं होतं, स्टेशनला रस्ता हवा होता, आणि दरवाजा त्या रस्त्यात ठाण मांडून बसलेला. १८५५ च्या सुमाराला शेकडो नागरिकांनी सह्या करून तो पाडायची मागणी केली. त्यांना आज अरसिक म्हणून हिणवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. हान्साचे दिवस कधीच सरले होते, हॅम्बुर्ग कितीतरी पुढं निघून गेलं होतं आणि ल्यूबेकच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीनं रेल्वे ही शेवटची संधी होती. तिच्यापुढं वाकडे बुरूज म्हणजे गतवैभवाची अडगळ. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तसा प्रकार.

दरवाजा राखा म्हणणाऱ्यांमध्ये फर्डिनांड फॉन क्वास्ट यांचा आवाज वजनदार होता. प्रशियाच्या सरकारनं १८४३ मध्ये ज्यांना स्मारकांचे पहिले संरक्षक नेमलं तेच हे. मात्र ल्यूबेक हे तेव्हा स्वतंत्र नगरराज्य होतं, प्रशियाचा हुकूम तिथं चालत नव्हता. क्वास्ट सल्ला देऊ शकत होते, दडपण आणू शकत होते, त्यापलीकडे त्यांचे हात बांधलेले होते. निर्णय ल्यूबेककरांनाच घ्यायचा होता.

वाद वर्षानुवर्षं चिघळत राहिला. अखेर १८६३ मध्ये नागरिकांच्या निवडून आलेल्या सभेत, ब्यूर्गरशाफ्टमध्ये, प्रश्न मताला पडला. पाडायचा नाही, दुरुस्त करायचा, हा ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. फक्त एका. या आकड्यावर भाबडेपणानं खूप लिहिलं जातं, जणू कोणी एक वीर उभा राहिला. मला त्यातून उलटंच दिसतं. जवळपास निम्म्या सभासदांना तो नको होता, आणि आज जे शहराचं बोधचिन्ह आहे त्याच्याबद्दल तेव्हा शहराचं एकमत तर सोडाच, धड बहुमतही नव्हतं. तोपर्यंत ल्यूबेकचे दुसरे दरवाजेही गेले होते, तेही कोणा खलनायकानं पाडले नव्हते. मध्ययुगातले दोनच राहिले: १४४४ चा बुर्गटोर आणि हा.

१८७१ चा दरवाजा

दुरुस्ती १८७१ मध्ये संपली. त्याच वर्षी जर्मन साम्राज्य स्थापन झालं आणि ल्यूबेक त्यात एक घटकराज्य बनून सामील झालेलं होतं. कमानीवरचे आजचे लेख तेव्हाचे. बाहेरच्या बाजूला सोनेरी अक्षरांत लॅटिनमध्ये लिहिलं आहे, ‘कॉन्कॉर्डिआ डोमी फोरिस पाक्स’. आत एकोपा, बाहेर शांतता, असा त्याचा भाव. पाडून टाकलेल्या १५८५ च्या दरवाजावर याच आशयाचा जास्त लांब लेख होता, त्याचं हे आटोपशीर रूप. म्हणजे शेजाऱ्याला पाडायचं आणि त्याचं वाक्य उरलेल्याच्या कपाळावर कोरायचं! एका मतानं फुटलेल्या सभेनं एकोप्याचं वचन निवडावं, यात कोणाला मुद्दाम केलेला टोमणा दिसला तर मी वाद घालणार नाही.

शहराच्या बाजूला ‘एस. पी. क्यू. एल.’ ही आद्याक्षरं आहेत: ल्यूबेकची सभा आणि जनता. रोमच्या सुप्रसिद्ध आद्याक्षरांची ही सरळसरळ उचल, रोमच्या जागी ल्यूबेक. तिच्या दोन बाजूंना १४७७ आणि १८७१ ही सालं. यातलं पहिलं चूक आहे. काम १४७८ मध्ये पुरं झालं, पण दुरुस्ती करणाऱ्यांची समजूत १४७७ ची होती आणि तीच कायमची सोनेरी झाली. मध्ययुगात इथं कोणी रोमची ऐट मिरवत नव्हतं. ही हौस एकोणिसाव्या शतकाची.

बुरूज मात्र कलतच राहिले. शेवटी १९३३–३४ मध्ये आरसीसी वापरून त्यांना आतून आधार दिला गेला आणि खचणं आटोक्यात आलं. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं दरवाजा वाचवणारं खरं काम हेच. पण त्याचं श्रेय निखळपणे देता येत नाही, कारण सत्तेवर नाझी आले होते आणि त्यांना हा दरवाजा हवा होता तो मिरवायला. आत त्यांनी ‘गौरव आणि सन्मानाचं दालन’ थाटलं, ल्यूबेकचा आणि जर्मनांचा इतिहास आपल्याला हवा तसा रंगवून मांडला. लोखंडी जाळी आली ती याच कामात. किल्ला म्हटलं की लोकांच्या मनात जाळी असते, म्हणून जाळी. सुटे दांडे कोणाच्या मनातल्या चित्रात बसत नव्हते.

१९४२ च्या मार्चअखेर ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बॉम्ब टाकले. जुन्या शहराचा मोठा भाग आगीत गेला, मारिएनकिर्श या मुख्य चर्चच्या मनोऱ्यांची टोकदार छपरं कोसळली. होल्स्टन दरवाजा बचावला. १९५० मध्ये त्यात शहराच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं, आणि १९८७ मध्ये जुन्या ल्यूबेक शहरासोबत तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. २००५–०६ मध्ये पुन्हा मोठी डागडुजी झाली, साधारण दहा लाख युरोंची, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा पोसेल या स्थानिक न्यासानं उचलला. ब्रोलिंग यांच्यानंतर साडेपाच शतकांनी पुन्हा व्यापारातला पैसाच कामी आला. वाहनं आता कमानीतून जात नाहीत, दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातात.

राहता राहिला प्रश्न त्या जाळीचा. ती चुकीची आहे हे ठाऊक असूनही ती तिथं आहे. काढून टाकावी आणि जागी सुटे दांडे बसवावेत, असं म्हणायचा मोह होतो. पण दांड्यांची नेमकी जाडी, त्यांच्यातलं अंतर, खालची टोकं, ती सोडायची यंत्रणा, हे सगळं अंदाजानं भरावं लागेल आणि आणखी एक कल्पित मध्ययुग उभं राहील. १८७१ च्या लोकांनीही असंच काहीसं केलं होतं. त्यापेक्षा जाळी आहे तिथं राहू द्यावी. फक्त तिच्याखाली ठळक अक्षरांत १९३४ हे साल लिहावं आणि शेजारच्या भिंतीवर दांडे कसे सोडायचे याचं एक साधं रेखाचित्र लावावं.